एच-४ ईएडीचा दहा वर्षांचा खटला आणि फेडरल कोर्टातले शब्द

मृद्गंध

अमेरिकेत एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांच्या जोडीदाराचा व्हिसा म्हणजे एच-४, आणि त्यावर नोकरी करण्याचा परवाना म्हणजे ईएडी. एच-४ ईएडीबद्दल बातमी आली की आपल्या ग्रुपांवर एकच घबराट उडते. एक मेसेज म्हणतो कोर्टाने ईएडी रद्द केलं, दुसरा म्हणतो सुप्रीम कोर्टाने कायमची मान्यता दिली. दोन्ही खोटे असतात आणि दोन्हींच्या मुळाशी एकच कारण असतं : कोर्टाने वापरलेला शब्द कुणी नीट वाचलेला नसतो. मी स्वतः काही वर्षं एच-४ वर होते, आता न्यू जर्सीत इमिग्रेशन वकिलांच्या ऑफिसात पॅरालीगल, म्हणजे वकिलांची मदतनीस आहे. वकील नाही, त्यामुळे हा कायदेशीर सल्ला समजू नका. पण या एका खटल्यात फेडरल, म्हणजे केंद्राच्या, कोर्टातले जवळजवळ सगळे महत्त्वाचे शब्द येऊन गेले, म्हणून तोच उलगडून सांगते.

फेब्रुवारी २०१५ मध्ये होमलँड सिक्युरिटी खात्याने नियम केला की ग्रीन कार्डच्या रांगेत ठरावीक टप्पा गाठलेल्या एच-१बी धारकाच्या जोडीदाराला नोकरी करता येईल. २६ मेपासून तो लागू होणार होता. त्याआधीच, एप्रिलमध्ये, 'सेव्ह जॉब्ज यूएसए' या संघटनेने खटला भरला. सदर्न कॅलिफोर्निया एडिसन या वीज कंपनीतून नोकरी गेलेले आयटी कर्मचारी तिचे सदस्य होते. आपली कामं एच-१बी वाल्यांना दिली गेली, अशी त्यांची तक्रार होती. संघटना झाली प्लेंटिफ, म्हणजे वादी, आणि सरकारी खातं डिफेंडंट. खटला सुरू होतो तो कागद म्हणजे कम्प्लेंट. त्यात फक्त एका बाजूचं म्हणणं असतं. कोर्टाने अजून एक ओळही लिहिलेली नसते, तरी बातम्या मात्र त्यावरच सुरू होतात.

हे सगळं घडलं वॉशिंग्टन डीसीच्या डिस्ट्रिक्ट कोर्टात. फेडरल न्यायव्यवस्थेची ही पहिली पायरी. देशभर अशी ९४ कोर्टं आहेत. न्यू जर्सीसाठी एकच, तर कॅलिफोर्निया, टेक्सास आणि न्यूयॉर्कसाठी प्रत्येकी चार. साक्षी, पुरावे, ज्युरी (निवाडा देणारे सामान्य नागरिक), काय असेल ते इथेच.

वादींनी लगेच प्रिलिमिनरी इंजंक्शन मागितलं, म्हणजे अंतिम निकाल लागेपर्यंत तात्पुरता मनाई हुकूम. तो मिळायचा तर कोर्टाला पटवावं लागतं की आत्ता थांबवलं नाही तर कधीच भरून न येणारं नुकसान होईल. कोर्टाला ते पटलं नाही. मे २०१५ मध्ये अर्ज फेटाळला गेला आणि नियम ठरल्या दिवशी लागू झाला. इथे लक्षात घ्या, खटला संपला नव्हता. फक्त 'आत्ता थांबवा' ही मागणी नाकारली होती.

सप्टेंबर २०१६ मध्ये डिस्ट्रिक्ट जज तान्या चटकन यांनी सरकारच्या बाजूने समरी जजमेंट दिलं. घटनांबद्दल वाद नसेल, प्रश्न निव्वळ कायद्याचा असेल, तर साक्षीदार न बोलावता कागदपत्रांवरच असा निकाल देता येतो. आणि कारण काय दिलं, तर स्टँडिंग नाही. वादीला दाद मागण्याचा अधिकारच पोचत नाही. स्टँडिंगसाठी तीन गोष्टी दाखवाव्या लागतात : माझं प्रत्यक्ष नुकसान झालंय किंवा लवकरच होणार आहे, ते प्रतिवादीच्याच कृतीमुळे आहे, आणि कोर्टाच्या हुकमाने ते दूर होईल. नियम कायदेशीर आहे की नाही, याचा अंतिम निवाडा या निकालाने झाला नव्हता. तरीही 'कोर्टाने एच-४ ईएडी वैध ठरवलं' अशा बातम्या तेव्हा फिरल्या.

वादी गेले कोर्ट ऑफ अपील्समध्ये, ज्याला बोलीत सर्किट म्हणतात. अशी १३ आहेत. ११ क्रमांकांची, एक डीसीचं, आणि एक 'फेडरल सर्किट' जे पेटंटसारखे ठरावीक विषय देशभरातून घेतं. न्यू जर्सीतल्या एडिसन गावात राहणारे आपण थर्ड सर्किटमध्ये येतो, कॅलिफोर्नियातले फ्रीमाँटवाले नाइन्थमध्ये, डॅलसवाले फिफ्थमध्ये. बहुतेक अपिलं तीन न्यायाधीशांच्या पॅनलसमोर चालतात. तिथे नवे पुरावे नाहीत, साक्षीदार नाहीत. खालच्या कोर्टाने कायदा बरोबर लावला का, एवढंच तपासतात.

आणि मग आला तो शब्द, जो २०१७-१८ मध्ये एच-४ वर असलेली कुठलीच बाई विसरलेली नसेल : अबेयन्स. ट्रंप सरकारने कोर्टाला कळवलं की आम्ही हा नियमच मागे घेण्याच्या विचारात आहोत, तोवर अपील थांबवा. कोर्टाने थांबवलं. मग दर काही आठवड्यांनी सरकारचा स्टेटस रिपोर्ट यायचा, की अजून काम चालू आहे. भिजत घोंगडं पडलं. बायकांनी घरं घ्यायचं लांबवलं, काहींनी नोकऱ्या बदलायचं टाळलं. अबेयन्स म्हणजे निकाल नव्हे, नियम त्या सगळ्या काळात जसाच्या तसा लागू होता. हे तेव्हा कुणी आम्हाला साध्या मराठीत सांगितलं असतं तर कितीतरी जणींच्या रात्री शांत गेल्या असत्या. हा धागा काढण्याचं खरं कारण तेच.

२०१८ च्या अखेरीस अपील पुन्हा सुरू झालं. नोव्हेंबर २०१९ मध्ये सर्किटने निकाल रिव्हर्स केला, म्हणजे फिरवला. एच-४ वाल्यांना परवाना दिल्याने वादींची नोकरीतली स्पर्धा वाढते, तेवढं स्टँडिंगला पुरेसं आहे, असं म्हणून प्रकरण रिमांड केलं : परत खाली पाठवलं, आता मूळ प्रश्न तपासा. पुन्हा घबराट. पण 'रिव्हर्स' झाला होता स्टँडिंगचा निर्णय, ईएडीचा नियम नव्हे.

मार्च २०२३ मध्ये डिस्ट्रिक्ट कोर्टाने या वेळी मूळ मुद्द्यावर सरकारच्या बाजूने निकाल दिला. पुन्हा अपील. २ ऑगस्ट २०२४ ला सर्किटने तो अफर्म केला, कायम ठेवला. त्यात मोठा वाटा होता प्रिसीडेंटचा, म्हणजे आधीच्या निकालाचा. याच सर्किटने ऑक्टोबर २०२२ मध्ये विद्यार्थ्यांच्या ओपीटीबद्दल (शिक्षणाला जोडून काही काळ काम करण्याची परवानगी) 'वॉशटेक' खटल्यात ठरवलं होतं की व्हिसाधारकांना कामाची परवानगी देण्याचा अधिकार खात्याला आहे. एका पॅनलचा निकाल त्याच सर्किटच्या पुढच्या पॅनलवर बंधनकारक असतो. म्हणजे एमएस करणाऱ्या पोरांच्या खटल्याने एच-४ वाल्यांना तारलं. मला हा सगळ्यात सुंदर भाग वाटतो.

शेवटी वादींनी सुप्रीम कोर्टात सर्शिओरारीची याचिका केली. सगळे तिला 'सर्ट'च म्हणतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्ट डिनाइड. सुप्रीम कोर्टाने प्रकरण ऐकायला घेतलं नाही. मान्यता दिली असा याचा अर्थ होत नाही, चूक-बरोबर काहीच म्हटलेलं नाही. डीसी सर्किटचा निकाल उभा राहिला, इतकंच. आणि नियम खात्याने केलेला आहे, संसदेने नव्हे. जाहीर सूचना, लोकांची मतं, मग अंतिम नियम या रीतसर मार्गाने खातं तो उद्या बदलू शकतं. कोर्टाने त्याला हात लावलेला नाही.

प्रश्न विचारा. माहीत असेल ते सांगेन.

---

केवडा

वाखुसा (वाचनखूण साठवली). अबेयन्सच्या काळात मीही होते, वाचताना काटा आला अंगावर.

एक प्रश्न. माझ्या भावाला 'सुप्रीम कोर्ट ऑफ द स्टेट ऑफ न्यूयॉर्क'कडून समन्स आलंय. मागच्या वर्षी त्याच्या गाडीचा छोटा अपघात झाला होता. नाव बघूनच त्याची पाचावर धारण बसली. थेट सुप्रीम कोर्ट?

---

मृद्गंध

केवडा, त्याला आधी शांत करा. न्यूयॉर्क राज्यात 'सुप्रीम कोर्ट' हे पहिल्या पायरीचं कोर्ट आहे. राज्याचं सर्वोच्च कोर्ट तिथे 'कोर्ट ऑफ अपील्स'. ही राज्याची उतरंड, वॉशिंग्टनच्या सुप्रीम कोर्टाशी या समन्सचा काही संबंध नाही. अपघात, घटस्फोट, भाडं, वारसा, बहुतेक फौजदारी खटले हे सगळं राज्याच्या कोर्टांत चालतं.

फेडरल कोर्टात जायला मुख्यतः दोन दारं. एक फेडरल क्वेश्चन : वाद फेडरल कायद्याचा किंवा राज्यघटनेचा आहे. दुसरं डायव्हर्सिटी : दोन्ही बाजू वेगवेगळ्या राज्यांच्या आणि रक्कम ७५,००० डॉलरच्या वर.

भावाने आजच गाडीच्या विमा कंपनीला समन्सची प्रत पाठवावी. साधारणपणे वकील तेच देतात. समन्सवर उत्तराची मुदत लिहिलेली असते. ती चुकवली तर डिफॉल्ट जजमेंट, म्हणजे एकतर्फी निकाल लागू शकतो. घाबरू नका, पण ड्रॉवरमध्येही टाकू नका.

---

उंबरठा

छान धागा. पुण्यात बरीच वर्षं वकिली केली, आता निवृत्त आहे, त्यामुळे आपल्याकडच्या लोकांसाठी थोडी भर घालतो.

आपल्याकडे कोर्टांची एकच उतरंड आहे. तालुक्याच्या दिवाणी न्यायालयापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत तीच माणसं केंद्राचेही कायदे लावतात आणि राज्याचेही. अमेरिकेत दोन स्वतंत्र उतरंडी शेजारी शेजारी उभ्या आहेत. हे डोक्यात बसलं की निम्मा गोंधळ संपतो.

सर्टला आपल्याकडचा जवळचा भाऊ म्हणजे राज्यघटनेच्या अनुच्छेद १३६ खालची एसएलपी, विशेष अनुमती याचिका. दोन्हीकडे वरचं कोर्ट ऐकायलाच हवं असा हक्क नसतो, परवानगी मागायची असते. फरक असा की आपलं सर्वोच्च न्यायालय दोन-तीन न्यायमूर्तींच्या पीठांत बसतं, त्यांचे नऊही जण एकत्र बसतात. नऊपैकी चौघांना वाटलं तर प्रकरण सुनावणीला घेतात. हजारो अर्जांतून वर्षाला साठेक प्रकरणांवरच पूर्ण सुनावणी होते.

स्टँडिंगचा मुद्दा मात्र आपल्या लोकांना सगळ्यात जड जातो. १९८१ च्या एस. पी. गुप्ता निकालापासून आपल्याकडे जनहित याचिकेचं दार मोठं उघडलं. ज्याचं स्वतःचं काही गेलेलं नाही असा माणूसही दुसऱ्यांसाठी दाद मागू शकतो. अमेरिकेच्या फेडरल कोर्टात तसं गेलात तर दारातूनच परत. मला आपली रीत जास्त माणुसकीची वाटते, पण त्यांच्या रीतीमागचं तर्कशास्त्रही समजतं : राज्यघटनेच्या तिसऱ्या कलमाने कोर्टाला फक्त खरेखुरे वाद सोडवायला सांगितलंय.

---

पन्हाळगड

उंबरठाकाका, कोल्हापूरला ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं. हे सर्किट आणि ते सर्किट सारखंच का?

---

उंबरठा

नाही. कोल्हापूरचं बेंच मुंबई उच्च न्यायालयाचाच भाग आहे. अमेरिकेतलं प्रत्येक सर्किट हे स्वतंत्र अपिली कोर्ट. एकाचा निकाल दुसऱ्यावर बंधनकारक नाही. म्हणून कधी कधी एकाच कायद्याचा अर्थ टेक्सासमध्ये एक आणि कॅलिफोर्नियात दुसरा असं होतं. त्याला सर्किट स्प्लिट म्हणतात, आणि सुप्रीम कोर्ट प्रकरण घेतं त्याचं ते एक मोठं कारण असतं. फिरतीचा अर्थ मात्र दोन्हीकडे होता. पूर्वी तिथले सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती घोड्यावरून, बग्गीतून गावोगाव फिरून खटले चालवत. १८९१ च्या कायद्याने स्वतंत्र अपिली कोर्टं आली आणि त्यांची ती दगदग संपत गेली.

---

आंबेमोहर

मृद्गंधताई, आम्ही दोघंही एच-१बी वर आहोत आणि मी सहावा महिना संपवतेय. जन्माने नागरिकत्वाच्या आदेशाबद्दल गेलं वर्षभर वाचतेय. आधी म्हणाले देशभर थांबवला, मग म्हणाले सुप्रीम कोर्टाने ती थांबवणूक काढली, मग पुन्हा थांबवला. माझा जीव टांगणीला लागलाय. यातलं नक्की काय खरं?

---

मृद्गंध

आंबेमोहर, तिन्ही गोष्टी घडल्या, क्रमाने सांगते.

राष्ट्राध्यक्ष ट्रंप यांच्या २० जानेवारी २०२५ च्या आदेशात असं होतं की आई तात्पुरत्या व्हिसावर असेल आणि वडील नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नसतील, तर बाळाला नागरिक मानायचं नाही. म्हणजे तुमच्यासारखी कुटुंबं थेट त्यात येतात. अनेक डिस्ट्रिक्ट कोर्टांनी तो अडवला, आणि काहींनी तो सगळ्यांसाठीच अडवला, खटल्यात असो वा नसो. याला युनिव्हर्सल इंजंक्शन म्हणतात. २७ जून २०२५ ला सुप्रीम कोर्टाने 'कासा' निकालात ६ विरुद्ध ३ मतांनी सांगितलं की डिस्ट्रिक्ट कोर्टांना असा सरसकट मनाई हुकूम देण्याचा अधिकार बहुधा नाही, वादींना दिलासा द्यायला लागेल तेवढाच द्या. आदेश घटनेला धरून आहे की नाही, हे त्या निकालात ठरवलेलं नव्हतं.

मग वकिलांनी दुसरी वाट घेतली : क्लास अॅक्शन. एकसारखा प्रश्न असलेल्या सगळ्यांच्या वतीने काही जण खटला भरतात, आणि कोर्टाने त्या गटाला मान्यता दिली, म्हणजे क्लास सर्टिफाय केला, की दिलासा गटातल्या सर्वांना मिळतो. १० जुलै २०२५ ला न्यू हॅम्पशायरच्या डिस्ट्रिक्ट कोर्टाने देशभरातल्या अशा बाळांचा क्लास तात्पुरता मान्य करून आदेश त्यांच्यापुरता रोखला. वेगळा खटला न भरताही तुमचं बाळ त्या गटाच्या व्याख्येत बसतं. डिसेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने हेच प्रकरण सर्किटच्या निकालाची वाट न बघता सुनावणीला घेतलं, त्याला सर्ट बिफोर जजमेंट म्हणतात. अगदी क्वचित होतं.

तब्येत सांभाळा. बाळाच्या कागदपत्रांसाठी एकदा इमिग्रेशन वकिलाशी बोलून ठेवा. आणि ग्रुपवर बातमी आली की आधी बघा : कुठलं कोर्ट, आणि इंजंक्शन की अंतिम निकाल.

---

आंबेमोहर

खूप खूप आभार ताई. नवऱ्याला वाचून दाखवलं. इतके दिवस आम्ही कासाचा निकाल म्हणजे सगळं संपलं असंच समजत होतो.

---

तिठा

मला वाटतं इथे एक गोष्ट ठळक सांगायला हवी. इमिग्रेशन कोर्ट, जिथे माणसाला देशाबाहेर काढायचं की नाही हे ठरतं, ते वर म्हटलेल्या उतरंडीत बसतच नाही. ते न्याय खात्याच्या अखत्यारीतलं, म्हणजे सरकारच्याच कार्यकारी शाखेतलं आहे. तिथल्या न्यायाधीशांना तिसऱ्या कलमाचं संरक्षण नाही. डिस्ट्रिक्ट जज, सर्किट जज आणि सुप्रीम कोर्टाचे जस्टिस हे आर्टिकल थ्री न्यायाधीश. राष्ट्राध्यक्ष नेमतात, सिनेट मंजूर करते, आणि मग आपणहून बाजूला होईपर्यंत किंवा महाभियोगाने काढेपर्यंत तहहयात. निकाल आवडला नाही म्हणून त्यांना कुणी घरी पाठवू शकत नाही. इमिग्रेशन जजचं तसं नाही. तिथे ज्युरी नाही, आणि वकील परवडत नसेल तर सरकारी खर्चाने मिळण्याचा हक्कही नाही. विरोधात निकाल गेला तर बोर्ड ऑफ इमिग्रेशन अपील्स, आणि त्यानंतर ३० दिवसांत सर्किट कोर्टात पिटिशन फॉर रिव्ह्यू. खऱ्या अर्थाने स्वतंत्र न्यायाधीश पहिल्यांदा भेटतो तो तिथे. मला हे फार अन्यायाचं वाटतं. माणसाचं सगळं आयुष्य पणाला लागलेलं असतं आणि समोरचा न्यायाधीश फिर्यादी सरकारचाच नोकर असतो.

---

केवडा

तिठा, +१. आणि ते मँडेमस काय असतं? माझ्या मैत्रिणीचा अर्ज फार लांबला म्हणून तिला कुणी तरी हे सुचवलंय.

---

तिठा

आपल्याकडची परमादेशाची रिट, तेच. डिस्ट्रिक्ट कोर्टात सरकारी खात्यावर दिवाणी खटला भरायचा, की अर्जावर निर्णय घेणं तुमचं कर्तव्य आहे आणि तुम्ही अवाजवी उशीर केलाय. कोर्ट फी ४०५ डॉलर, वकिलाचे वेगळे. सरकारला उत्तर द्यायला ६० दिवस. पुष्कळदा त्या मुदतीत खातं निर्णय देऊन मोकळं होतं आणि वादी खटला मागे घेतो. मैत्रिणीला एक गोष्ट स्पष्ट सांगा : कोर्ट 'निर्णय घ्या' म्हणू शकतं, 'हो म्हणा' असं नाही. फाइलमध्ये काही कच्चं असेल तर नकारही लवकर येईल.

---

पन्हाळगड

ज्युरीबद्दल कुणी लिहिलंच नाही. मला ग्रीन कार्डवर असताना काउंटीकडून ज्युरीचं समन्स आलं होतं.

---

मृद्गंध

बरं झालं आठवण केलीत. राज्याची कोर्टं ड्रायव्हिंग लायसन्सच्या यादीतूनही नावं काढतात, म्हणून नागरिक नसलेल्यांनाही पत्र येतं. त्यातल्या फॉर्मवर 'नागरिक नाही' हा चौकोन भरून परत पाठवायचा. दुर्लक्ष करू नका आणि चुकूनही 'नागरिक' असं लिहू नका, नागरिकत्वाचा खोटा दावा पुढे आयुष्यभर छळतो.

फेडरल खटल्यात दोन प्रकारची ज्युरी ऐकाल. ग्रँड ज्युरी १६ ते २३ जणांची. ती बंद दाराआड बसते आणि आरोप ठेवायला पुरेसा आधार आहे का एवढंच बघते. निदान १२ जण हो म्हणाले तर इंडाइटमेंट, म्हणजे औपचारिक आरोपपत्र. ओळखीतल्या कुणावर इंडाइटमेंट झाल्याची बातमी आली तर तो दोषी ठरला असं पसरवू नका, तिथे आरोपीची बाजू मांडलेलीच नसते. दुसरी खटल्यातली ज्युरी. फौजदारीत १२ जण आणि निकाल एकमताने.

---

पन्हाळगड

आणि हे कागद आपल्याला बघायला मिळतात का? की वकिलांनाच?

---

मृद्गंध

कुणालाही मिळतात. फेडरल कोर्टांची 'पेसर' ही वेबसाइट आहे, खातं फुकट उघडता येतं. पानाला १० सेंट, एका दस्तऐवजाला जास्तीत जास्त ३ डॉलर, आणि तीन महिन्यांत ३० डॉलरच्या आत राहिलात तर बिलच येत नाही.

खटल्याची नोंदवही म्हणजे डॉकेट. एच-४ च्या खटल्याचा नंबर १:१५-सीव्ही-००६१५. पहिला आकडा कोर्टाच्या कार्यालयाचा, १५ म्हणजे २०१५ साल, सीव्ही म्हणजे दिवाणी (फौजदारी असेल तर सीआर), मग त्या वर्षातला अनुक्रमांक. शेवटी कधी कधी न्यायाधीशांची आद्याक्षरं असतात. आत तारीखवार नोंदी. मोशन दिसलं तर ती कुणाची तरी मागणी आहे, ऑर्डर दिसलं तर कोर्टाचा हुकूम, ओपिनियन दिसलं तर त्यामागची कारणं. अॅमिकस ब्रीफ म्हणजे खटल्यात नसलेल्या कुणी तरी कोर्टापुढे मांडलेलं म्हणणं. या खटल्यात गूगलच्या पुढाकाराने बऱ्याच टेक कंपन्यांनी ईएडीच्या बाजूने असं ब्रीफ दिलं होतं.

अपिलाचा निकाल लागला की आणखी एक नोंद शोधा : मँडेट. निकाल जाहीर झाला तरी सर्किटकडून मँडेट निघेपर्यंत प्रकरण खालच्या कोर्टाच्या हाती परत जात नाही. मधल्या काळात हरलेली बाजू फेरविचार मागू शकते, किंवा सर्किटच्या सगळ्या न्यायाधीशांनी मिळून ऐकावं असा एन बँक सुनावणीचा अर्ज करू शकते. म्हणून ज्या दिवशी निकालाची बातमी येते त्या दिवशी बहुतेक वेळा तुमच्या हातातल्या ईएडी कार्डाचं काहीच बदललेलं नसतं.